माझ्या पोटाचा आलेख

माझ्या पोटात काय चालले आहे, हे आमच्या सोसायटीतल्या बेचाळीस कुटुंबांना, एका गिरणीवाल्याला आणि वॉचमनला माझ्या आधी कळत असे, असा एक काळ माझ्या आयुष्यात येऊन गेला. तो काळ मी स्वतःच ओढवून घेतला. शिकवण्याची खोड असलेल्या माणसाने आजारी पडू नये, हे या हकिगतीचे तात्पर्य आहे. तात्पर्य शेवटी सांगायचे असते हे मला ठाऊक आहे. पण मागच्या बाकावरची मुले शेवटपर्यंत थांबत नाहीत, म्हणून आधीच सांगून टाकतो.

डॉक्टर स्नेहल देवरे ही माझीच विद्यार्थिनी. सातवीत असताना ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मांजरे काढायची आणि मी तिला तासभर उभी करायचो. आता तिने मला आडवा केला होता. पोट चार ठिकाणी दाबून, आतड्याचा तुकडा तपासायला पाठवून, रक्त काढून झाल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्हाला सिलिअॅक आहे."

"हे माझ्या वयात होतं?"

"कोणत्याही वयात होतं. गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तुमचं शरीर चिडतं आणि स्वतःच्याच आतड्याला मारायला धावतं."

हे मला चटकन समजले. काही शिक्षकही असेच असतात. फळ्यावर चुकते आणि मार पहिल्या बाकाला बसतो.

"औषध?"

"नाही. गहू बंद. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सगळं."

"किती दिवस?"

"कायमचं, सर. कणभरसुद्धा नाही."

मग तिने रक्ताच्या तपासणीतला एक आकडा दाखवला. शरीर गव्हावर किती चिडले आहे, ते त्यावरून कळते. माझा दोनशे होता. तो दहाच्या खाली यायला हवा होता. मी त्याचे नाव त्याच क्षणी 'रागाचा आकडा' असे ठेवले. जन्मभर मुलांना जास्त मार्क मिळवा म्हणून सांगणाऱ्या माणसाला उतारवयात कमी मार्कांसाठी अभ्यास करायचा होता.

पुण्याहून हर्षलचा, म्हणजे माझ्या मुलाचा, लगेच फोन आला. "बाबा, तिथे तुमच्याच्याने पथ्य होणार नाही. अख्खी कॉलनी तुम्हाला खायला घालते. मी थोडे दिवस बघतो. आकडा उतरला तर ठीक. नाही उतरला तर आईला घेऊन सरळ माझ्याकडे राहायला यायचं. कायमचं."

हर्षलचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. तिथून मुले मुंगीएवढी दिसतात आणि मुंगीला अपूर्णांक शिकवता येत नाहीत. इथे इंदिरानगरात मात्र आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी माझा वर्ग भरतो. त्यात पाचवीतली पिंकी आहे. तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचे आहे आणि तिच्या मते एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा असतो, कारण आठ हे चारापेक्षा मोठे असतात. असे मूल अर्ध्यावर सोडून चौदाव्या मजल्यावर जायचे? छे! आकडा उतरायलाच हवा होता.

गहू सुटला, आणि सर्वांत आधी अपूर्णांक अडचणीत आले. मी अपूर्णांक नेहमी पोळीवर शिकवत असे. पोळीची एक घडी घातली की अर्धा, दुसरी घातली की पाव, तिसरी घातली की अष्टमांश, आणि मग तोंडात टाकला की शून्य. आता भाकरीची घडी घालून पाहा! पिंकीपुढे मी ज्वारीच्या भाकरीचे दोन समान भाग करायला गेलो, तर सात झाले. ती म्हणाली, "सर, हा कोणता अपूर्णांक?" मी विषय बदलला.

शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या मंगलाबाई पहिल्याच दिवशी वाटी घेऊन वर आल्या.

"सर, गहू चालत नाय ना तुम्हाला? म्हणून शिरा आणला."

"मंगलाबाई, शिरा रव्याचा असतो. रवा म्हणजे गहूच."

"काय बोलता सर! रवा दुकानात भेटतो. गहू शेतात होतो."

देवळ्याहून माझी थोरली बहीण चांगुणाअक्का फोनवर अहिराणीत म्हणाली, "भाऊ, गहूना काय दोष? तुले नजर लागेल शे." सोसायटीचे सेक्रेटरी धोंडीराम गांगुर्डे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी जिन्यात गाठून गंभीरपणे सांगितले, "आहेर सर, तुम्ही खपली गहू खा. तो गहू असला तरी जुना आहे." जुना शत्रू चालतो, नवा चालत नाही, असा त्यांच्या खात्याचा अनुभव असावा.

एका रविवारी मी मिसळ खायला गेलो आणि शेव-फरसाण न घालता, पाव न देता नुसती उसळ आणि तर्री आण म्हणालो. वेटरने ते दोनदा ऐकून घेतले आणि मालकाला बोलावून आणले. मालक हात पुसत बाहेर आले, माझ्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, आमच्याकडून काही चुकलं का?" या शहरात माणूस पाव नाकारतो म्हणजे दुखावलेलाच असणार!

साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे हे पदार्थ माझ्या घरी रोज होऊ लागले, तेव्हा सरांनी कडक व्रत धरले आहे अशी बातमी पसरली. मंगलाबाई नव्या सुनेला घेऊन आल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत ती पाया पडून मोकळी झाली. "सरांसारखी निष्ठा पायजे," मंगलाबाई तिला सांगत होत्या, "नाहीतर तू. संकष्टीला दुपारीच डबे उघडती."

हे गैरसमज दूर करावेत आणि त्यातून मुलांना काही शिकवावे, या दुहेरी हेतूने मी आलेख काढायचे ठरवले. पुस्तकातले आलेख म्हणजे कुठल्यातरी गावातला पाऊस आणि कुठल्यातरी दुकानातल्या छत्र्या. मुलांना त्यात काय रस वाटणार? आपल्या ओळखीच्या माणसाचे पोट ही जिवंत गोष्ट होती. मी हॉलच्या भिंतीवर मोठा कागद लावला, खाली महिने लिहिले, बाजूला रागाचा आकडा लिहिला आणि दोनशेवर लाल कागदाचा एक गोल चिकटवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "अरे, हे वाईट आहे." तरी त्यांनी वाजवल्या. दोनशे म्हणजे दोनशे!

दुसऱ्याच दिवशी गांगुर्डे साहेबांची नोटीस आली. सोसायटीच्या सामाईक भिंतीवर सभासदाने स्वतःच्या प्रकृतीचे प्रदर्शन करणे नियमात बसते काय, असा तिचा आशय होता. मी अर्ज केला. अर्जाला दोन प्रती हव्या होत्या, दिल्या. मग विषय मासिक सभेत आला. एका सभासदाने विचारले की आकडा वाढला तर मेंटेनन्स वाढेल का. दुसऱ्याने आपल्या मधुमेहाचाही आलेख शेजारी लावावा, अशी उपसूचना मांडली. ती एका मताने पडली. शेवटी गांगुर्डे साहेबांनी ठराव मांडला. आलेखाला परवानगी आहे. मात्र हॉलला नुकताच रंग दिलेला असल्यामुळे खिळा, चिकटपट्टी आणि बाजारचा गोंद यांस मनाई असून, कागद पाण्याने निघेल अशा घरगुती खळीनेच चिकटवावेत. ठराव मंजूर झाला. मला लोकशाहीबद्दल आदर वाटला.

आमच्या लहानपणी देवळ्याच्या शाळेत सगळे तक्ते खळीनेच लागत. खळ शिजवणे ही कला आहे, आणि मी त्यात तरबेज आहे. टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. पण ते विष, आणि भोवती मुले, म्हणून मी लागेल तेव्हा ताजी खळ करू लागलो. हॉलमध्ये सभेच्या चहासाठी शेगडी होतीच. खळीचे सामान हॉलच्या कपाटात, खडूंच्या पेटीशेजारी ठेवत असे. घरी आणायची सोय नव्हती. माझ्या पत्नीने, उज्वलाने, स्वयंपाकघर धुऊन पुसून गव्हाच्या सात पिढ्या हद्दपार केल्या होत्या.

पहिल्या तीन महिन्यांनी रक्त तपासले. एकशे वीस! मी तो गोल चिकटवला तेव्हा हॉलमध्ये जल्लोष झाला. गांगुर्डे साहेब चष्मा लावून आलेखापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "कमाल आहे. आमच्या धरणाची पातळी अशी उतरली असती तर चौकशी लागली असती. तुमच्याकडे टाळ्या वाजतात." हर्षल फोनवर म्हणाला, "गुड, बाबा." तो एवढेच म्हणतो, पण त्याचा आवाज बरा होता.

यशाने माणूस बिघडतो. तीन महिन्यांतून एकदा एक गोल, असा आलेख मुलांना कंटाळवाणा वाटू लागला. एक गोल लागायचा आणि पुढचा लागेपर्यंत त्यांची घटक चाचणी होऊन जायची. मग मी वजनाची निळी रेघ काढली. जिना न थांबता किती पायऱ्या चढतो, याची हिरवी. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत किती स्पष्ट पोचतो याला मुले दहापैकी गुण देत, त्याची पिवळी. सरांचा चेहरा आज कसा आहे, याचे रोज मतदान होऊ लागले. कोणती रेघ किती चढली, त्याचे अपूर्णांक पिंकी काढू लागली आणि हळूहळू बरोबर काढू लागली. रंगीत कागदांच्या पट्ट्या, गोल, त्रिकोण, बाण. आलेख पहिल्या भिंतीवरून वळला, दाराच्या चौकटीवरून उडी मारून दुसऱ्या भिंतीवर गेला. सत्यनारायणासाठी हॉल घेणारे लोक पूजा सोडून माझे वजन वाचत बसत. लग्नाच्या एका बैठकीत मुलीच्या मामाने मला बाजूला घेऊन विचारले, "मार्चमध्ये काय झालं होतं हो?"

पुढच्या तपासणीत आकडा एकशे पन्नास आला.

स्नेहल खुर्चीत मागे टेकली. "सर, कुठून तरी गहू पोटात जातोय."

"अशक्य!"

"सर," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला माझाच सातवीतला आवाज ऐकू आला, "आकडा खोटं बोलत नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

घरी वादळ झाले. उज्वलाने कमरेला पदर खोचला. "म्हणजे माझ्या स्वयंपाकात गहू आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी नाही, आकडा म्हणतोय."

"मग आकड्यालाच सांगा भाकरी थापायला!"

शोध सुरू झाला. पहिला गुन्हेगार खरोखरच सापडला, तो म्हणजे हिंग. आपण फोडणीत घालतो तो हिंग बांधायला गव्हाचे पीठ वापरतात, हे डबीवरच मुंगीच्या अक्षरांत लिहिलेले होते. उज्वलाने ती अक्षरे पुन्हा पुन्हा वाचली. सख्ख्या बहिणीने दगा दिल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. हिंग गेला. आमटीची चवही त्याच्याबरोबर गेली.

दुसरा संशय योगेशच्या गिरणीवर. गिरणीत माणसांची रांग नसते, डब्यांची असते. माझा ज्वारीचा डबा नेहमी कुणाच्या तरी गव्हाच्या डब्यामागे लागलेला. योगेश जात्याचे तोंड झटकत म्हणाला, "सर, कितीबी झाडलं तरी आधीचं पीठ थोडं राहतंच. तुमच्या आधी कोणीतरी ज्वारी दळायला पायजे."

"पण त्याच्या ज्वारीत आधीचा गहू येईल."

"मग त्याच्याही आधी एकानं दळायची."

मी ही मर्यादेची कल्पना संध्याकाळी मुलांना समजावून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरून लोकांना ज्वारी खाण्याचा आग्रह करू लागलो. हेतू इतकाच की त्यांचे डबे माझ्या आधी लागावेत. बरेच जण तयार झाले. योगेशने पाटी लावली : 'गुरुवारी फक्त ज्वारी.' मी धन्य झालो. पण शुक्रवारी पहिला गहू मंगलाबाईंचा होता. त्यांच्या पोळ्या राखाडी आल्या, आणि नेमके त्याच दिवशी त्यांच्या सुनेचे माहेर जेवायला होते. "आमच्या इज्जतीचा भुगा झाला, सर," त्या म्हणाल्या. शुक्रवारी पहिला डबा लावायला कुणीच तयार होईना. सगळेजण डबे काखेत धरून गिरणीसमोरच्या टपरीवर उभे राहत आणि दुसऱ्याची वाट पाहत. योगेशने पाटी काढून टाकली.

हे कळताच हर्षलने पुण्याहून घरघंटी पाठवली. घरात नवे यंत्र आले म्हणून उज्वलाने त्यावर स्वस्तिक काढले, हार घातला. मी हॉलमधून परत येईपर्यंत मंगलाबाईंनी, झाले गेले विसरून, मोठ्या मनाने उद्घाटनही करून टाकले होते. शुभकार्याची सुरुवात ज्वारीने कशी करायची? म्हणून त्यांनी घरून ओंजळभर गहू आणले होते.

पुढे दोन दिवस माझा अख्खा वर्ग दात घासायचे जुने ब्रश घेऊन घरघंटी साफ करत होता. पालकांच्या तक्रारी आल्या.

या सगळ्या मोहिमेची नोंद अर्थातच आलेखावर होत होती. हिंग गेल्याचा बाण, गिरणीचा चौकोन, घरघंटीचे चित्र. मी इतक्या कसोशीने नोंदी ठेवत होतो की काही वेळा जेवायला उशीर होई. आता आकडा कोसळणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मी तर दहाच्या रेषेवर चिकटवायला सोनेरी कागदाचा गोल कापून ठेवला होता.

आकडा एकशे ऐंशी आला.

तो ऐकताच हर्षलने फोन ठेवला. तो थेट गाडी घेऊन आला.

"बाबा, वजन बघा तुमचं. वाद घालायचा नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, त्यामुळे मी वाद घातला नाही. उज्वला कपडे भरू लागली. भरता भरता एकदाच म्हणाली, "अहो, एवढं करूनही कुठे चुकलो हो आपण?" तिने 'आपण' म्हटले, ते मला, ती रागावली असती तर लागले असते, त्याहून जास्त लागले.

पिंकीला मी सांगितले की पुण्याहून फोनवर शिकवेन. ती म्हणाली, "फोनवर कागद कसा दुमडणार, सर?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये निरोप समारंभ ठेवला होता. माझा पूर्णाकृती आलेख भोवती पसरलेला, मधोमध खुर्चीत मी, गळ्यात हार. माणसाला जिवंतपणी बघायला मिळू नये असे ते दृश्य होते. स्नेहलही आली होती, माजी विद्यार्थिनी म्हणून. गांगुर्डे साहेबांनी भाषण केले. त्यात माझ्या पोटाची तुलना गळती लागलेल्या कालव्याशी होती, पण भावना चांगली होती. मग जाहीर झाले, "आता विद्यार्थी सरांची नक्कल सादर करतील."

निरोप समारंभात नक्कल असतेच. मी स्वतः माझ्या मुख्याध्यापकांची केली आहे. म्हणून मी समजूतदारपणे हसून मान हलवली.

पिंकी आली. माझा जुना चष्मा नाकावर, गळ्यात मफलर. पाठ थोडी वाकवून ती गरजली, "मागच्या भिंतीपर्यंत पोचतंय का?" हॉल कोसळला. तिने मला ढेकर दाबताना दाखवले, खडू कानावर ठेवताना आणि मग तोच शोधताना दाखवले. मी हसत होतो, पण जरा कमी. मग तिने वाटी घेतली आणि सर आलेख चिकटवतात ते दाखवू लागली. वाटीत बोटे बुडवली, कागदाला फासली, कागद भिंतीवर दाबला. पुढचा कागद गठ्ठ्यातून सुटेना, तेव्हा अंगठा जिभेला लावला. कागद सुटला. पुन्हा वाटीत बोटे, पुन्हा फासणे, पुन्हा अंगठा जिभेला. पुन्हा वाटी. पुन्हा जीभ. मग थांबून, अंगठ्याची चव घेतल्यासारखे करून म्हणाली, "आज खळ चांगली जमलीय."

लोक डोळे पुसत होते. मला मात्र राग आला. मी उभा राहिलो. "मी असं करतो?"

"होऽऽऽ!" सगळा वर्ग ओरडला.

हसणाऱ्यांत एकच आवाज थांबला होता. स्नेहल पुढे आली. "पिंकी, पुन्हा कर बरं."

पिंकीने पुन्हा केले.

"रोज असंच करतात?"

"रोज. खूप वेळा. आता जास्त कागद असतात ना."

"त्या वाटीत काय असतं?"

उत्तर गांगुर्डे साहेबांनी दिले, छाती पुढे काढून. "मैद्याची खळ. ठरावातच आहे."

हॉलमध्ये जी शांतता पसरली, तशी मला चाळीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आणता आली नव्हती.

"मैदा?" उज्वला म्हणाली. "मैदा? मी हिंग टाकला, बहिणीच्या घरचं जेवण टाकलं, दोन वेळा डबे उकळले, आणि तुम्ही इथे रोज संध्याकाळी मैदा चाटत होतात?"

"चाटत नव्हतो, वापरत होतो," मी म्हणालो. त्या सबंध काळात मैदा हा माझ्या लेखी खाण्याचा पदार्थच नव्हता. तो खडूशेजारी ठेवायचा. तो स्टेशनरी होता.

स्नेहलने भिंतीवरून बोट फिरवले. जिथे आलेख फक्त एक कागद होता, तिथे आकडा उतरलेला. जिथून निळी, हिरवी, पिवळी रेघ सुरू झाली, तिथून चढलेला. जिथे बाण, चौकोन आणि घरघंटीचे चित्र, तिथे सर्वांत उंच. "सर," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरत नव्हते, "तुम्ही बरे होताय की नाही हे बघण्यानेच तुम्ही आजारी पडत होतात."

गांगुर्डे साहेब उठले. ठरावात 'पाण्याने निघेल अशी खळ' एवढेच म्हटले असून ती सेवन करण्याबाबत कमिटीने कोणतीही शिफारस केलेली नाही, याची नोंद व्हावी, असे त्यांनी सांगितले.

मी हर्षलकडे पाहिले. तो भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटून, खांदे हलत होते. मला वाटले रडतो आहे. तो हसत होता. लहानपणी पतंग करताना मी त्याला ओरडायचो, बोटे तोंडात घालू नकोस म्हणून. ते त्याला आठवले असणार. पिंकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मफलर अजून गळ्यातच. "काका, सरांना अजून एक चान्स द्या ना. फेरपरीक्षा असते."

"आई?" हर्षलने विचारले.

उज्वला म्हणाली, "बॅगा तूच माळ्यावर चढव. मी उतरवून दमले." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही हात धुऊन या. आधी तोंड धुवा."

फेरपरीक्षेला नियम ठरले. मी आलेखाला हात लावायचा नाही. हात मागे बांधून फक्त सूचना द्यायच्या. चिकटवण्याचे काम पिंकीचे. खळ बंद, त्याऐवजी उज्वला रोज वाटीभर मऊ भात देई. भाताच्या शिताने कागद चिकटतो, हे पतंग उडवलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. गांगुर्डे साहेबांनी स्वतःच्या कपाटातून एक डबी आणून मला भेट दिली, नोटा मोजणारे कारकून वापरतात तशी, ओल्या स्पंजची. "अंगठा यात बुडवा. खात्यातली आहे, जपून वापरा." मी जपून वापरतो. सवय मात्र जुनी आहे. अंगठा तोंडाकडे निघाला की अख्खा वर्ग "सऽऽर!" म्हणून ओरडतो, आणि त्या आवाजाने खालच्या मजल्यावर मंगलाबाईंच्या हातून काहीतरी पडते.

पुढच्या तपासणीत आकडा घसरला. त्याच्या पुढच्या तपासणीत पन्नासवर आला. अजून दहाची रेषा दूर आहे, पण स्नेहल म्हणते वाट बरोबर आहे. हर्षल फोनवर म्हणाला, "गुड, बाबा," आणि मग जरा थांबून, "आईला सांगा, तुमची खोली आता मी कपडे वाळत घालायला वापरतोय."

त्या संध्याकाळी पिंकीने पन्नासचा गोल शिताने चिकटवला. मी हात मागे बांधून विचारले, "पिंकी, आकडा दोनशे होता. आता पन्नास आहे. कितवा भाग उतरला?"

तिने आधी भिंतीवरचे दोन्ही गोल पाहिले. मग तिने हातातला कागद एकदा दुमडला, पुन्हा दुमडला, उघडला आणि त्याच्या चार घरांपैकी तीन घरांवर हात ठेवला. "तीन चतुर्थांश."

मी मागे बांधलेले हात सोडले आणि टाळी वाजवली.

"सर," ती म्हणाली, "मग एक चतुर्थांश राग राहिला ना? तो कोणावर आहे?"

मी उत्तर देणार, इतक्यात दारात गांगुर्डे साहेब आले. हॉलमध्ये मुंग्या झाल्या होत्या. त्यांच्या हातात नवी नोटीस होती : भिंतीवर कोणतेही अन्नपदार्थ चिकटवण्यास सक्त मनाई आहे.

"सर," ते म्हणाले, "ही लावायला जरा शितं देता का?"